मॅटप्लॉटलिबचं ॲनिमेशन दिसतं, पण सेव्ह होत नाही तेव्हा

मी बीएस्सीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. मेल्डेच्या प्रयोगात (ताणलेल्या दोऱ्यावर स्थिर तरंग दाखवण्याच्या) दोरा कंप पावू लागला की मुलं वेटोळी मोजतात, पण निस्पंद बिंदू जागचा का हलत नाही ते डोळ्यांना पटत नाही. म्हणून मी पायथनमध्ये, मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या लायब्ररीने, एकमेकांवर येणाऱ्या दोन तरंगांचं ॲनिमेशन केलं. खिडकीत ते सुरेख चालायचं. एमपी-फोर फाइल करून मुलांना पाठवायला गेले आणि लाल अक्षरांची रांग लागली. त्यात दोन संध्याकाळी गेल्या. तुमच्या जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

आधी एक गोष्ट समजून घ्या. मॅटप्लॉटलिब व्हिडिओ बनवत नाही. ते एकेक फ्रेम काढतं आणि दुसऱ्याच्या हाती देतं. एमपी-फोरसाठी तो दुसरा म्हणजे एफएफएमपेग, हा वेगळा प्रोग्राम; जीआयएफसाठी पायथनमधलीच पिलो लायब्ररी पुरते. त्यामुळे पहिली तपासणी अशी करा: तेच ॲनिमेशन रायटर (फाइल लिहिणारा) म्हणून पिलो देऊन, जीआयएफ नावाने सेव्ह करा. फाइल झाली, तर तुमचं चित्र बरोबर आहे आणि दोष एफएफएमपेगच्या बाजूला आहे. जीआयएफही झाली नाही, तर आधी स्वतःचा कोड बघा. मी हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर एक संध्याकाळ वाचली असती.

एफएफएमपेग सापडत नसेल तर दोन प्रकारची लक्षणं दिसतात. रायटर नावाने सांगितला असेल, तर ‘एफएफएमपेग मिळत नाही, पिलो वापरून बघतो’ अशा अर्थाची इशाऱ्याची ओळ येते आणि खाली एमपी-फोर हे एक्स्टेन्शन ओळखीचं नसल्याची तक्रार. आपण खालची ओळ वाचून फाइलचं नाव बदलत बसतो, खरं कारण वरच्या ओळीत असतं. रायटरचा ऑब्जेक्ट स्वतः बनवून दिला असेल, तर विंडोजवर थेट ‘फाइल सापडत नाही’ असं येतं. ती न सापडलेली फाइल तुमचा व्हिडिओ नव्हे, एफएफएमपेगच आहे.

टर्मिनलमध्ये एफएफएमपेगची आवृत्ती विचारून बघा. उत्तर आलं नाही तर तो बसवा. कोंडा (पॅकेज बसवायचं साधन) वापरत असाल तर त्याच्या कोंडा-फोर्ज या साठ्यातून, तुमचं पायथन ज्या एन्व्हायर्न्मेंटमध्ये आहे त्यातच घ्या, हा मला सगळ्यात सोपा मार्ग वाटतो. पायथनच्या पिप इन्स्टॉलरने ‘एफएफएमपेग-पायथन’ घेऊन काम होत नाही. ते फक्त पायथनमधून हुकूम द्यायचं साधन आहे, मूळ प्रोग्राम त्यात नसतो. टर्मिनलमध्ये उत्तर येतं पण नोटबुकमध्ये नाही, असं असेल तर ज्युपिटर पूर्ण बंद करून नव्या टर्मिनलमधून उघडा. पाथमधला (संगणक प्रोग्राम जिथे शोधतो त्या फोल्डरांच्या यादीतला) बदल आधीपासून चालू असलेल्या प्रोग्रामला कळत नाही.

प्रयोगशाळेच्या संगणकावर मला पाथ बदलायची परवानगी नव्हती. तेव्हा आरसी-पॅराम्स या मॅटप्लॉटलिबच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲनिमेशन डॉट एफएफएमपेग अंडरस्कोर पाथ’ला पूर्ण पत्ता दिला. तरी तीच एरर! प्रोग्राम सी ड्राइव्हवर एफएफएमपेग नावाच्या फोल्डरातल्या बिन फोल्डरात होता. पायथनच्या साध्या स्ट्रिंगमध्ये उलटी तिरपी रेघ (\) आणि एफ मिळून ‘फॉर्म फीड’ होतो, तीच रेघ आणि बी मिळून ‘बॅकस्पेस’. म्हणजे पत्ता मॅटप्लॉटलिबपर्यंत पोचण्याआधीच मोडत होता. अवतरणचिन्हाआधी आर लावा किंवा साध्या तिरप्या रेघा (/) वापरा.

एफएफएमपेग सापडला, पण ‘नॉन-झीरो एक्झिट स्टेटस’ म्हणत थांबला, तर मॅटप्लॉटलिबची लॉग-पातळी डीबगवर (सगळ्यात तपशीलवार संदेशांवर) ठेवून पुन्हा चालवा. एफएफएमपेगचं खरं म्हणणं तिथे वाचायला मिळतं. माझ्याकडे ‘रुंदी दोनने भागली जात नाही’ असं होतं. चित्र 6.5 बाय 4.5 इंच, डीपीआय (दर इंची पिक्सेल) 150, म्हणजे 975 बाय 675 पिक्सेल. दोन्ही विषम. मॅटप्लॉटलिबचा ठरलेला एच-264 कोडेक (व्हिडिओ आकसून लिहायची पद्धत) ठेवला असता तर त्याने आकार सम करून घेतला असता आणि फोनवर चालणारा वायूव्ही-420-पी हा पिक्सेल-प्रकारही स्वतःच लावला असता. मी कुठेतरी वाचून कोडेक म्हणून लिब-एक्स-264 लिहिला होता, तिथे दोन्ही जबाबदाऱ्या माझ्यावर आल्या. डीपीआय 160 केला, 1040 बाय 720 झाले, फाइल तयार.

जीआयएफही होत नसेल, तर ब्लिट (फक्त बदललेला भाग पुन्हा काढायची सोय) चालू आहे का बघा. असेल तर अपडेट फंक्शनने बदललेल्या रेषा परत द्याव्या लागतात, आणि एकच रेषा असेल तर तिच्या नावानंतरचा स्वल्पविराम विसरू नका. ॲनिमेशन एखाद्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, नाहीतर ते मध्येच नष्ट होतं. सेव्हची ओळ शोच्या आधी लिहा. ज्या फोल्डरात फाइल ठेवायची तो आधी बनवा.

आणि फाइल झाली तरी ती शेवटपर्यंत बघा. माझ्या तरंगाचं एक आवर्तन 60 फ्रेमचं होतं, मला दोन आवर्तनं हवी होती. फ्रेम जनरेटरमधून (एकूण संख्या आधी न सांगता एकेक देणाऱ्या फंक्शनमधून) येत होत्या, आणि मॅटप्लॉटलिबच्या जुन्या आवृत्त्या अशा वेळी 100 फ्रेमवर थांबतात. व्हिडिओ पुन्हा सुरू होताना दोरा उडी मारायचा. सेव्ह-काउंट (किती फ्रेम सेव्ह करायच्या) 120 दिला, आणि दोऱ्याची उडी एकदाची थांबली.