बाबांच्या साठीचं कार्ड : भेंडीचे ठसे आणि हाताने कापलेली देवनागरी अक्षरं

स्टेशनरीच्या दुकानात इंग्रजी अक्षरांचे स्टेन्सिल सहज मिळतात. ए पासून झेड पर्यंत, लहान-मोठे, दोन-तीन वळणांचे. देवनागरीचे मागितले की दुकानदार रांगोळीच्या छापांकडे बोट दाखवतो. बाबांच्या साठीला हाताने कार्ड करायचं ठरवलं तेव्हा माझी अडचण इथेच सुरू झाली. मला कार्डावर ‘बाबा’ हवं होतं, ‘डॅड’ नको होतं. म्हणून अक्षरं स्वतः कापली. तेच इथे सविस्तर सांगते, कारण फुलांचे ठसे कुणालाही पहिल्या अर्ध्या तासात जमतात, खरी मेहनत अक्षरांना लागते.

काय काय लागेल

२५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन तितके ग्रॅम) आयव्हरी कार्ड किंवा कार्डशीट, ए-४ मापाचा एक कागद. हातकागद दिसायला सुंदर असतो आणि पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत हरतऱ्हेचा मिळतो, पण त्याचा पृष्ठभाग खरखरीत असल्यामुळे ठसा तुटक उठतो. पहिलं कार्ड गुळगुळीत कागदावरच करा. स्टेन्सिलसाठी फाइलचं जाड पारदर्शक प्लास्टिक. खटखट करत पातं पुढे सरकवायचं ते कटर, स्टीलची पट्टी, खाली घ्यायला जाड पुठ्ठा. भांडी घासायच्या स्पंजाचे दोन तुकडे (नवीन, आणि मऊ बाजूचे), चिकटपट्टी, दोन भेंड्या आणि एक मोठं खोडरबर.

रंग ॲक्रिलिक घ्या. पोस्टर कलर वाळल्यावरही ओल्या बोटाने निघतो, आणि कार्ड हातात घेणारा माणूस त्यावरून बोट फिरवतोच. ऑफिसातला जांभळ्या शाईचा पॅड मी एकदा वापरला होता. शाई वाळली असं समजून कार्ड मिटलं आणि आतल्या पानावर सगळी फुलं उलटी उमटली. घरी कापडावर रंगवायचे ॲक्रिलिक रंग पडून असतील तर तेही चालतात.

कागद आधी आखून घ्या

ए-४ कागद मधोमध कापला की २१० बाय १४८ मिलिमीटरचे दोन तुकडे मिळतात. एक कार्डासाठी, दुसरा चुकलं तर म्हणून. तुकडा दुमडला की १०५ बाय १४८ चं कार्ड होतं. आता एक गोष्ट बघा : कागद दोन्ही दिशांना हलकेच वाकवा. एका दिशेला तो सहज वाकतो, दुसऱ्या दिशेला अडतो. सहज वाकतो त्या दिशेने घडी घातली तर ती साफ बसते, उलट दिशेने घातली तर घडीच्या कडेला कागदाचे पापुद्रे सुटतात. कागद कापायच्या आधीच हे बघून ठेवलं तर घडी कुठून घालायची ते ठरवता येतं.

घडीची रेघ संपलेल्या बॉलपेनने, पट्टी धरून, जोर देऊन एकदाच ओढायची. पण कागद अजून दुमडायचा नाही. छपाई नेहमी सपाट कागदावर करायची.

अक्षरांचे पूल

स्टेन्सिल म्हणजे भोक. जे कापून काढू तिथे रंग लागेल. आता ‘ब’ कापायला घ्या. त्याच्या पोटात तिरपी रेघ आहे, त्यामुळे पोटाचे दोन बंदिस्त तुकडे होतात. बाहेरची रेघ कापली की हे दोन तुकडे अलगद गळून पडतात आणि हातात नुसता एक डबरा उरतो. हे तुकडे म्हणजे बेटं. ती जागेवर राहायला हवी असतील तर त्यांना बाहेरच्या प्लास्टिकशी जोडणारे बारीक पूल ठेवावे लागतात. धान्याच्या पोत्यांवर आणि लाकडी खोक्यांवर रंगाने मारलेली अक्षरं आठवा, मध्येमध्ये तुटलेली असतात. ते पूलच.

कुणासाठी कार्ड करताय यावर मेहनत ठरते. ‘नाना’ लिहायचं असेल तर नशीबवान आहात, एकही बेट नाही. ‘काका’मध्ये प्रत्येक ‘क’ला डावीकडे एक. ‘मामा’तही प्रत्येकी एक, कारण ‘म’चा चौकोन वरून शिरोरेषेने बंद होतो. ‘बाबा’मध्ये चार बेटं, आणि मला खाली ‘६०’ही हवं होतं, त्या शून्याच्या पोटातलं पाचवं. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीच्या कमानीखालीही बेट तयार होतं, ते हमखास नजरेतून सुटतं.

कागदावर अक्षरं ३ सेंटिमीटर उंच काढा, रेघेची जाडी ५ मिलिमीटर. या मापाने ‘बाबा’ ६-७ सेंटिमीटरमध्ये बसतं आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहते. प्रत्येक बेटाला दोन पूल द्या. एकच दिला तर बेट दारासारखं हलतं. पुलाची रुंदी २ ते ३ मिलिमीटर. त्याहून बारीक पूल स्पंज थोपटताना तुटतो. पूल कुठे ठेवायचे ते पेन्सिलने आधीच काळं करून ठेवा, कापताना विचार करत बसलात तर एक तरी पूल कापला जाणारच.

शिरोरेषेचं वेगळं दुखणं आहे. ‘ब’ची उभी रेघ आणि पुढचा काना यांच्यामध्ये प्लास्टिकची एक अरुंद पट्टी उरते. वर शिरोरेषेचं भोक, दोन्ही बाजूंना भोकं, त्यामुळे ती फक्त खालून धरलेली असते. जीभच ती. रंग लावताना ती उचलली जाते आणि तिच्याखाली रंग शिरतो. उपाय दोन. एक, प्रत्येक जिभेच्या टोकाला वर पूल देऊन शिरोरेषा तिथे तोडायची. दुसरा, रंग लावताना डाव्या हातातल्या टूथपिकने जीभ दाबून धरायची. मला शिरोरेषा जमेल तितकी सलग आवडते, म्हणून मी दोन ‘बा’च्या मध्ये एकच पूल दिला आणि बाकी ठिकाणी टूथपिक वापरली.

प्लास्टिक चित्रावर चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि कापायला लागा. आधी बेटांच्या कडा, मग बाहेरची रेघ. सगळा आकार सैल झाल्यावर पोटातलं बारीक काम करता येत नाही. वळण आलं की कटर फिरवायचं नाही, हात तिथेच ठेवून प्लास्टिक फिरवायचं. एका दमात कापू नका, तीच रेघ दोन-तीनदा हलक्या हाताने ओढा. आणि दुसरा हात पात्याच्या मागे, वाटेत कधीच नाही. मुलं मदतीला असतील तर कापायचं काम मोठ्यांनीच करा, थोपटायचं त्यांना द्या. कापून निघालेले तुकडे टाकू नका, ते पुढे लागणार आहेत.

रंग थोपटायचा, फासायचा नाही

कार्डाखाली वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या ठेवा. स्टेन्सिल चारही बाजूंनी चिकटपट्टीने बसवा, पण पट्टी आधी कपड्याला दोनदा लावून तिचा चिकटपणा कमी करा, नाहीतर काढताना कागदाचा थर घेऊन येते.

कोरड्या स्पंजाच्या टोकाला रंग लावा. पाणी अजिबात नको. मग तो स्पंज रद्दी कागदावर चार-पाचदा टेका. तिथला ठसा ठिपक्याठिपक्यांचा, कोरडा दिसायला लागला की मगच स्टेन्सिलकडे वळा. एवढासा रंग पुरेल का, असं वाटतं. पुरतो. स्पंज सरळ उभा वर-खाली थोपटायचा, कडेकडून आत. आडवा ओढला की रंग प्लास्टिकखाली सरकतो आणि अक्षराला मिशा फुटतात. पहिला थर फिका दिसेल. पाच मिनिटांनी दुसरा द्या. माझं पहिलं कार्ड गेलं ते ब्रशने एकाच वेळी भरपूर रंग भरल्यामुळे. स्टेन्सिल उचलल्यावर दोन ‘बा’ एकमेकांत मिसळून गेले होते.

रंग लावून झाला की स्टेन्सिल लगेच, एका बाजूने सरळ वर उचला. पूल होते तिथे पांढऱ्या फटी दिसतील. बारीक ब्रशने त्या भरता येतात, पण मी भरत नाही. ही अक्षरं कापलेली आहेत, आणि ते दिसावं असं मला वाटतं.

भेंडीची फुलं

भेंडी मधोमध आडवी कापली की आत पाच कप्प्यांचं फूल तयार असतं. कोवळी भेंडी घेऊ नका, दाबली की चेपते. भाजीला न चालणारी थोडी जून भेंडी इथे उत्तम. कापलेला भाग वर्तमानपत्रावर उपडा करून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. चिकट रस कागदात उतरला पाहिजे, नाहीतर तो रंगात मिसळतो आणि ठशाला तारा सुटतात.

ताटलीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवा, त्यावर रंग पसरा. हा तुमचा पॅड. भेंडी त्यावर एकदा टेकवा, रद्दीवर एक ठसा द्या आणि दुसरा ठसा कार्डावर. दाबताना हलवायचं नाही, घुसळायचं नाही. उचलताना सरळ वर. सात-आठ ठशांनंतर भेंडी मऊ पडते, तेव्हा एक पातळ चकती कापून टाका. नवं ताजं तोंड मिळतं आणि फुलाचा आकारही थोडा बदलतो.

पानांसाठी खोडरबर. त्यावर पानाचा आकार काढून बाजूचा भाग ३-४ मिलिमीटर खोल कोरून काढा आणि मधल्या शिरेसाठी एक बारीक चर पाडा. खोडरबरावर अक्षर कोरायचं असेल तर ते उलटं कोरावं लागतं. त्यासाठी ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलने अक्षर काढा, कागद खोडरबरावर पालथा ठेवून नखाने घासा, अक्षर आपोआप उलटं उमटतं.

आता ते जपून ठेवलेले तुकडे काढा. अक्षरं वाळल्यावर ते त्यांच्यावर जसेच्या तसे झाका आणि फुलं बिनधास्त अक्षरांच्या कडेवर मारा. तुकडे उचलले की अक्षरं स्वच्छ आणि फुलं त्यांच्या मागून डोकावताना दिसतात. पाच फुलं पुरेत. मी सगळी खालच्या उजव्या कोपऱ्यात घेतली, वर नुसता कागद ठेवला.

आतलं पान

बॉलपेनने थेट कार्डावर लिहिलं तर अक्षरांचे वळ पुढच्या बाजूला उठतात. म्हणून साध्या कागदावर लिहून तो आत चिकटवा. पांढरा फेविकॉल फक्त घडीलगतच्या चिंचोळ्या पट्टीत लावा. पूर्ण पानाला लावला तर ओलीने कार्ड वाकतं. मजकुराची सुरुवात मी ‘ती. बाबांस, शि. सा. नमस्कार’ अशी केली. फोनवर हे कधी म्हटलं जात नाही, कागदावर ते शोभतं.

पोस्टाने पाठवणार असाल तर वजन आधी बघा. ३०० जीएसएमचा अर्धा ए-४ साडेनऊ ग्रॅमच्या आतच भरतो, त्यामुळे पाकिटासकट तो पहिल्या २० ग्रॅमच्या टप्प्यात बसतो. पूर्ण ए-४ दुमडून मोठं कार्ड केलं तर कागदच जवळजवळ १९ ग्रॅमचा होतो आणि पाकीट धरून पुढच्या टप्प्याची तिकिटं लागतात. मणी, टिकल्या, जाड लेस लावू नका, शिक्का मारताना पाकीट तिथेच फाटतं. आणि पिनकोड सुवाच्य लिहा. १५ ऑगस्ट १९७२ पासून चालत आलेली ही सहा आकडी पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाने बसवली आहे, तिचा फायदा घ्या.

काम झाल्या झाल्या स्टेन्सिल धुवा. ॲक्रिलिक वाळला की कोपऱ्यांत अडकून बसतो आणि खरवडताना पूल तुटतात. पुसून, दोन कागदांमध्ये सपाट, फाइलमध्ये ठेवा. पुढच्या वर्षी माझ्या मुलाला याच माणसासाठी कार्ड करायचंय, त्याला ‘आजोबा’ लिहायचंय. ‘बा’ तयार आहे, ‘आ’ आणि ‘जो’ तेवढे कापायचे.