नळाचं पाणी पिण्याजोगं आहे का, हे मुंबईत घरच्या घरी कसं तपासावं

डिसेंबरात परदेशातून नातेवाईक आले की पहिल्याच जेवणाला प्रश्न येतो, "इथे नळाचं पाणी चालतं ना?" मग ताटावरच दोन तट पडतात. काका म्हणतात, "जन्मभर तेच पितोय, काय झालं?" वहिनी म्हणते, "उकाड्याच्या देशात बाटलीशिवाय पाणी पिऊच नये." दोघांचंही उत्तर बिनकामाचं. विचारायचं ते एवढंच: कोणत्या नळाचं पाणी, आणि त्या नळाला पोचण्याआधी ते कुठे थांबलं होतं?

माहीमच्या आमच्या चार मजली इमारतीच्या पाण्याची जबाबदारी चौदा वर्षं माझ्या गळ्यात आहे. सेक्रेटरी कोणीही असो, टाकीची किल्ली माझ्याकडेच. तेव्हा हे जे सांगते आहे ते पाण्याच्या टाकीत डोकं घालून शिकलेलं आहे.

आधी पालिकेला तिचं श्रेय देऊन टाकू. शहराचं पाणी सात तलावांतून येतं. त्यांपैकी विहार आणि तुळशी मुंबईतच आहेत, तर तानसा, भातसा, मोडक सागर, मध्य वैतरणा आणि अप्पर वैतरणा शहराबाहेर लांबवर. भांडुप आणि पांजरापूरच्या केंद्रांत पाणी शुद्ध होतं, त्यात क्लोरीन पडतं, मग ते सेवा जलाशयांत जातं आणि तिथून तुमच्या गल्लीत. नोव्हेंबर 2019 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार मंत्रालयाने शहरांच्या नळपाण्याची क्रमवारी काढली, तेव्हा मुंबईचे दहाच्या दहा नमुने भारतीय मानक ब्युरोच्या कसोटीला उतरले आणि शहर पहिलं आलं. हे कात्रण आमच्या नोटीस बोर्डावर कोणीतरी अभिमानाने लावलं होतं. त्या दहा नमुन्यांत आमच्या जिन्याखालची टाकी नव्हती, एवढंच मी खाली पेनने लिहिलं.

पाणी गेटपर्यंत बहुतेक वेळा चांगलंच येतं. ते बिघडतं शेवटच्या पन्नास फुटांत.

तीन नळ शोधा

मीटरच्या जवळ, टाकीच्या आधी, थेट लाइनीवर बसवलेला एक नळ असतो. नसेल तर प्लंबरकडून बसवून घ्या, खर्च किरकोळ आहे. दुसरा नमुना जमिनीखालच्या टाकीतला. तिसरा स्वयंपाकघराच्या नळाचा. तपासणी नेहमी या तिन्ही जागी, एकाच सकाळी. फक्त घरचा नळ तपासून काही कळत नाही. चोरी झाली एवढं कळेल, कोणत्या दारातून झाली ते कळणार नाही.

लाइनीचा नमुना पाणी सुटल्या सुटल्या घेऊ नका. मुंबईत पाणी ठरावीक वेळेलाच येतं. चावीवाल्याने व्हॉल्व्ह बंद केला की जलवाहिनीतला दाब जातो, आणि कुठे गंजकं कनेक्शन किंवा सैल सांधा असेल तर आजूबाजूचं पाणी आत ओढलं जातं. ते पहिल्या पाण्याबरोबर बाहेर येतं. दहा मिनिटं वाहू द्या, बादल्या भरा, फरशी धुवा, मग नमुना घ्या. मोठ्या दुरुस्तीसाठी पाणी बंद असलं की पालिका पुढचे काही दिवस पाणी गाळून-उकळून प्यायला सांगते, त्याचंही कारण हेच. ती सूचना मनावर घ्या.

क्लोरीनची चाचणी: इथेच माझी फजिती झाली

नळाच्या पाण्यात थोडं मोकळं क्लोरीन शिल्लक असायला हवं. ते शिल्लक आहे याचा अर्थ वाटेत घाण शिरली नाही, किंवा शिरली तरी तिला पुरून क्लोरीन उरलं. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम, आणि विषाणूंपासून बचाव हवा असेल तर 0.5. मुंबईच्या पावसाळ्यात मी 0.5 च धरते.

ही चाचणी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ओटीने, म्हणजे ऑर्थोटोलिडीनच्या द्रावणाने करतात. नळीत पाणी, त्यात थेंब, पिवळा रंग, शेजारच्या रंगपट्टीशी ताडून बघायचं. पोरखेळ वाटतो ना? मलाही वाटला.

एका जुलैत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन घरांत कावीळ निघाली. मी ओटीची बाटली घेऊन खाली उतरले, टाकीचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. रंग जवळजवळ आलाच नाही. म्हटलं, वर जाऊन चष्म्याने बघू. जिन्यात अध्यक्ष भेटले, त्यांना नळी दाखवली. पहिल्या मजल्यावरच्या आजींना दाखवली. घरी पोचेपर्यंत नळी छान पिवळी झाली होती, पट्टीवर 0.5 च्या पुढे. मी ग्रुपवर टाकलं, "पाणी उत्तम आहे, बाहेरचं खाणं बंद करा." पंधरा दिवसांत तिसरी कावीळ.

शेवटी नमुना घेऊन प्रयोगशाळेत गेले. तिथल्या बाईंनी माझं सगळं पुराण ऐकून एकच प्रश्न विचारला, "रंग किती वेळाने बघितलात?"

तर गोष्ट अशी. मोकळं क्लोरीन ओटीला ताबडतोब रंग देतं. पण पाण्यात ड्रेनेज मिसळलं असेल तर त्यातल्या अमोनियाशी क्लोरीन जोडलं जातं. हे जोडलेलं क्लोरीन जंतू मारायला फार दुबळं असतं, पण ओटीला रंग तेही देतं, फक्त सावकाश. म्हणजे उशिरा चढणारा पिवळा रंग ही खुशखबर नाहीच. मोकळं क्लोरीन संपलंय आणि आत काहीतरी शिरलंय, असं ती नळी सांगत असते. मी तीन मजले चढत तेच क्लोरीन बघत होते आणि लोकांना दिलासा देत होते. आजही आठवलं की तोंड कडू होतं.

म्हणून माझे नियम. थेंब टाकले, नळी एकदा हलवली, दहा सेकंदांच्या आत रंग वाचला आणि तिथेच कागदावर लिहिला. कोणाला दाखवायचं असेल तर आकडा दाखवा, नळी नको. मग तीच नळी पंधरा मिनिटं ठेवून पुन्हा वाचा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतील तर ठीक. पहिला फिका आणि दुसरा गडद असेल तर टाकीकडे चला.

यात आपल्या हवेची एक मेख आहे, आणि ती रंगपट्टीच्या डबीवर मी तरी वाचलेली नाही. पाणी जितकं कोमट, तितकं जोडलेलं क्लोरीन ओटीला लवकर रंग देतं. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतून आलेल्या पाण्यावर तर दहा सेकंदांतही फसगत होऊ शकते. नमुन्याची बाटली आधी बर्फाच्या भांड्यात ठेवून गार करा. त्याहून चांगलं म्हणजे ओटी सोडून द्या आणि डीपीडीचा किट घ्या. त्यात रंग गुलाबी येतो, मोकळ्या क्लोरीनची गोळी वेगळी आणि एकूण क्लोरीनची वेगळी. थोडा महाग पडतो, पण ओटी हे अंगाला वाईट रसायन आहे, ते पोराबाळांच्या घरात हवंच कशाला? मी तीन वर्षांपूर्वी बदललं. दोन्हींपैकी काहीही वापरा, नळीतलं पाणी मोरीत ओता आणि हात धुवा.

आणि कृपा करून वास घेऊन क्लोरीन ठरवू नका. "वास येतोय म्हणजे औषध भरपूर आहे" असं म्हणणारा प्लंबर प्रत्येक सोसायटीत असतो. जोडलेल्या क्लोरीनलाही वास असतो.

जोडीला एचटूएसची बाटली, म्हणजे मैलापाण्यातल्या जंतूंची घरगुती चाचणी, आणून ठेवा. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून ठेवून द्यायचं, मुंबईच्या हवेत वेगळी ऊब द्यावी लागत नाही. एक-दोन दिवसांत पाणी काळं झालं तर ते पिणं बंद. काळं झालं नाही म्हणून शंभर टक्के शुद्ध, असं मात्र समजू नका. काळ्या बाटलीत ब्लीचिंगचं पाणी ओतून तासाभराने ती संडासात रिकामी करा.

चोर कुठून शिरतो

इथे टीडीएस मीटर कामाला येतो. हो, तोच, जो आरओ विकणारे खिशात घेऊन फिरतात. पाणी पिण्यालायक आहे का हे टीडीएस सांगत नाही. तो फक्त विरघळलेले क्षार मोजतो, जंतू नाही. मुंबईच्या तलावांचं पाणी मुळात हलकं. मानकाची मर्यादा लिटरमागे 500 मिलिग्रॅम आणि आमच्या लाइनीवर आकडा 70-80 च्या पुढे क्वचितच जातो. अशा पाण्याला आरओ लावणं म्हणजे धुतलेले तांदूळ पुन्हा पुन्हा धुणं, वर बादलीभर पाणी वाया. टीडीएस 500 च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घाला, असं हरित लवादाने 2019 मध्येच सांगितलं होतं. विक्रेता दोन दांड्यांचं यंत्र ग्लासात बुडवून पाणी तांबूस करून दाखवतो, त्याला भुलू नका. तो तांबूसपणा दांडीच्या लोखंडाचा असतो.

पण लाइनीचा आकडा आणि टाकीचा आकडा यांतला फरक फार बोलका. आमच्याकडे त्या जुलैत लाइनीवर 70 आणि टाकीत 240 होता. एकाच पाण्यात क्षार आपोआप तिप्पट होत नाहीत. बाहेरचं पाणी येत होतं.

मग टाकी रिकामी केली, लाइनीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि भरतीची वेळ पाहून बॅटरीचा झोत आत टाकला. भरती आणि पाऊस एकदम आले की आमच्या भागात गटारं तुंबतात. अर्ध्या तासात ड्रेनेजच्या चेंबरकडच्या भिंतीवर ओल फुटली आणि ओघळ खाली आला. ओहोटीला बघितलं असतं तर भिंत कोरडी ठणठणीत दिसली असती. प्लंबर ओहोटीलाच येऊन "टाकी ओके" म्हणून गेला होता, त्याचे पैसेही आम्ही दिले होते.

अशा टाकीत रोज औषध वाढवत राहणं ही फसवणूक आहे. चेंबर दुरुस्त करा, टाकीला आतून वॉटरप्रूफिंग करा, झाकणाची कड जमिनीपेक्षा फूटभर वर घ्या. आमच्या टाकीचं झाकण पार्किंगच्या फरशीशी समतल होतं, गाड्या धुतलेलं पाणी थेट आत.

एक गोष्ट दरडावून सांगते. टाकीत एकट्याने उतरायचं नाही, आणि वॉचमनला तर अजिबात उतरवायचं नाही. बंद टाकीत प्राणवायू कमी असतो आणि ते दिसत नाही. मार्च 2025 मध्ये नागपाड्यात बांधकाम चाललेल्या इमारतीच्या भूमिगत टाकीत चार कामगार गुदमरून गेले. एक पडला की दुसरा वाचवायला उतरतो आणि तोही पडतो. साधनं असलेली माणसं बोलवा, झाकणं आदल्या रात्रीपासून उघडी ठेवा, ब्लोअर लावा. डिझेलचा पंप टाकीत उतरवू देऊ नका.

टाकी धुणं

गाळ काढा, भिंती घासा, धुवा. मग टाकी भरून टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. दहा हजार लिटरला ताजी पावडर दीड किलो, म्हणजे लिटरमागे साधारण 50 मिलिग्रॅम क्लोरीन. प्लास्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणीच टाकीत घाला. फिनाईल, ॲसिड यांच्या जवळही नेऊ नका. रात्रभर ठेवून ते पाणी गच्चीच्या टाकीतून आणि सगळ्या नळांतून सोडा, मग पूर्ण काढून टाका. त्या काळात कोणी प्यायचं नाही, दारोदार सांगा. मागच्या वर्षीची उघडी पिशवी वापरू नका. आपल्या दमट हवेत तिच्यातलं क्लोरीन उडून गेलेलं असतं आणि हातात फक्त चुना राहतो.

गच्चीवरच्या टाकीला घट्ट झाकण आणि धड शिडी हवी. मलेरियाचे डास अशाच टाक्यांत वाढतात.

स्वयंपाकघरात

तिन्ही नळांवर मोकळं क्लोरीन असेल आणि बाटली काळी झाली नसेल, तर आमच्या घरी साधं गाळून पितो. पावसाळ्यात उकळतो. खळखळून उकळी आली की एक मिनिट पुरतं, वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. तान्हं बाळ, केमो चालू असलेलं माणूस किंवा गरोदर बाई घरात असेल तर बारा महिने उकळा. दूषित पाण्यातून येणारी ई प्रकारची कावीळ गरोदरपणात जिवावर बेतते. उकळलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, म्हणून ते झाकून ठेवा, ओगराळ्याने घ्या, हात बुडवू नका आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिंप घासा. परदेशी पाहुण्यांना पहिला आठवडा उकळलेलंच द्या. वाद घालू नका.

लाइनीच्याच नळावर क्लोरीन सापडलं नाही तर मात्र दोष तुमच्या टाकीचा नाही. त्याच दिवशी 1916 वर तक्रार करा, वॉर्ड ऑफिसच्या पाणी खात्याला लेखी द्या आणि नमुना तपासायला सांगा. तोंडी सांगून भागत नाही.

माझा किट वॉचमनच्या केबिनमध्ये असतो, सोबत एक वही. रकाने चार: तारीख, लाइन, टाकी, स्वयंपाकघर. एरवी महिन्यातून एकदा, जून ते सप्टेंबर दर रविवारी, आणि गल्लीत कोणीही रस्ता खणला की दुसऱ्या दिवशी. टाकीचा क्लोरीनचा आकडा लाइनीच्या निम्म्याखाली उतरला की मी कोणाला विचारत नाही, पंप बंद करून झाकण उघडायला लावते.