केटल आणि बॉयलरमधला क्षारांचा थर कसा काढावा

पुण्याच्या वेशीवरच्या आमच्या सोसायटीत वर्षातला बराचसा काळ बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यावर काढावा लागतो. शहरात खडकवासल्याचे पाणी वापरणाऱ्या माझ्या बहिणीची इलेक्ट्रिक केटल सहा-सहा महिने लखलखीत राहते. आमच्या केटलच्या तळाशी मात्र तीन आठवड्यांत पांढरा, खरखरीत थर धरतो. शिवाय आमच्या वाचनालयातला तोटीचा, दहा लिटरचा स्टीलचा बॉयलर गेली बारा वर्षे मीच साफ करत आले आहे. हे काम मुळात सोपे आहे, पण त्यात एक टप्पा असा आहे की तिथे चूक झाली तर निघणारा थर निघेनासा होतो. नेमक्या त्याच टप्प्याबद्दल सर्रास चुकीचा सल्ला दिला जातो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

शाळेत आपण ज्याला दुष्फेन पाणी म्हणायला शिकलो, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. त्यांपैकी कॅल्शियम बायकार्बोनेट तापवले की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट उरते, म्हणजे चुनखडीचा दगड ज्याचा बनलेला असतो तोच पदार्थ. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या मानकात पिण्याच्या पाण्याची एकूण दुष्फेनता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालू शकते, असे म्हटले आहे. तेव्हा असा थर दिसला म्हणून पाणी विषारी आहे असे घाबरण्याचे कारण नाही. थराचा खरा त्रास उपकरणाला होतो. हा थर उष्णता नीट वाहू देत नाही, त्यामुळे तळाची पट्टी प्रमाणाबाहेर तापते आणि पाणी उकळण्याआधीच खालचा थर्मोस्टॅट केटल बंद करतो. अशा कितीतरी केटल ‘बिघडली’ म्हणून भंगारात जाताना मी पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या दोन तर केवळ थर काढून पुन्हा चालू करून दिल्या आहेत.

आधी काय करू नये ते सांगते. चाकूने किंवा तारेच्या घासणीने खरवडू नये, कारण स्टीलवर पडलेल्या चऱ्यांमध्ये पुढचा थर अधिक घट्ट बसतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालण्याचा सल्ला तर पूर्णपणे निरुपयोगी आहे. भरपूर फेस येतो आणि काहीतरी घडत असल्यासारखे वाटते, पण ती दोन द्रव्ये एकमेकांनाच संपवतात आणि थराच्या वाट्याला काही उरत नाही. संडास साफ करण्याचे ॲसिड अन्नपाण्याच्या भांड्यात कधीही घालू नये. त्यातल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडने स्टीलला बारीक खड्डे पडतात आणि त्याची वाफ छातीत जाते. कोणतेही ॲसिड आणि ब्लीच तर चुकूनही एकत्र येऊ देऊ नये, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

योग्य द्रव्य म्हणजे लिंबूसत्त्व, अर्थात सायट्रिक ॲसिड. ते किराणा दुकानात सुटे मिळते, त्याला वास नसतो आणि ते खाण्यातलेच असते. व्हिनेगरही चालते, परंतु त्याचा वास सिलिकॉनच्या वॉशरमध्ये कित्येक दिवस राहतो आणि चहाला लागतो, म्हणून मी ते वापरत नाही.

आता तो टप्पा. पहिल्या वर्षी मी कुणीतरी सांगितले म्हणून थर चढलेल्या केटलमध्ये पाणी भरले, चार-पाच चमचे लिंबूसत्त्व घातले आणि बटण दाबले. पाणी तापू लागताच फेस एकदम वर आला, चोचीतून बाहेर पडला आणि खालच्या विजेच्या बैठकीवरून ओट्यावर वाहिला. मी प्लग काढेपर्यंत बैठक पूर्ण भिजली होती. त्यात शॉक बसला नाही हे माझे नशीब. ओटा कडप्प्याचा होता आणि कडप्पा हा चुनखडीच्याच जातीचा दगड असल्यामुळे जिथे जिथे ते पाणी पडले तिथली झिलई गेली. ते फिकट डाग आजही तसेच आहेत. शहाबादी फरशीचेही असेच होते, म्हणून हे काम स्टीलच्या सिंकमध्येच करावे.

पण खरे नुकसान दुसऱ्या दिवशी दिसले. ‘उकळून रात्रभर तसेच ठेवा’ असे सांगितलेले असल्याने मी ते पाणी रात्रभर ठेवले होते. सकाळी ओतून पाहिले तर जुना खरखरीत थर बराचसा गेला होता आणि त्याच्या जागी नवा, गुळगुळीत, घोटलेल्या चुन्यासारखा पांढरा पापुद्रा तळाला चिकटून बसला होता. त्यावर पुन्हा लिंबूसत्त्व टाकले तरी एक बुडबुडा उठेना. तो काढायला मला तीन दिवस लागले.

याचे कारण समजून घेतले की पुढची सगळी पद्धत आपोआप समजते. सायट्रिक ॲसिड आणि कॅल्शियम यांच्यापासून कॅल्शियम सायट्रेट तयार होते. हा पदार्थ मुळातच पाण्यात फार थोडा विरघळतो आणि साखर-मिठासारखा गरम पाण्यात जास्त विरघळण्याऐवजी उलट कमी विरघळतो. ॲसिड मुबलक असेल तोवर तो विरघळलेल्या अवस्थेत राहतो. ॲसिड संपत आले आणि पाणी उकळते असले की तो तळाच्या सर्वांत तापलेल्या भागावर, म्हणजे नेमका जिथे आपल्याला नको तिथे, साचू लागतो. म्हणून माझे ठाम मत आहे की सायट्रिक ॲसिड घातलेले पाणी कधीही उकळू नये आणि रात्रभरही ठेवू नये.

मी जे करते ते असे. केटलमध्ये एक लिटर साधे पाणी घेऊन ते कोमटापेक्षा जरा जास्त गरम करते. बोट दोन-तीन सेकंद बुडवून ठेवता येईल आणि मग काढावेसे वाटेल, इतके. मग केटल बंद करून, बैठकीवरून उचलून सिंकमध्ये ठेवते आणि त्यानंतरच लिंबूसत्त्व घालते. लिटरला चहाचे चार सपाट चमचे, म्हणजे साधारण २० ग्रॅम पुरतात, पण ते एकदम ओतू नये; अर्धा-अर्धा चमचा घालावा आणि फेस खाली बसू द्यावा. झाकण उघडेच ठेवावे. कान जवळ नेला तर आतून बारीक चुरचुर ऐकू येते आणि तळावरून बुडबुड्यांच्या सरी उठताना दिसतात. लाकडी उलथन्याच्या टोकाने अधूनमधून हलके ढवळावे.

वीस ते तीस मिनिटांत चुरचुर मंदावते. इथे बहुतेक जण फसतात, कारण बुडबुडे थांबण्याचे दोन अर्थ असू शकतात : एक तर थर संपला, किंवा ॲसिड संपले. २० ग्रॅम लिंबूसत्त्व हिशेबाने जास्तीत जास्त १५ ग्रॅमच्या आसपास थर विरघळवू शकते, आणि त्या मर्यादेच्या बऱ्याच आधी पाणी कॅल्शियम सायट्रेटने भरून जाते. तेव्हा बुडबुडे मंदावले, किंवा पाण्यावर दुधाळ झाक दिसू लागली, की वाट न पाहता पाणी ओतून द्यावे, साध्या पाण्याने विसळावे आणि तळावर बोट फिरवावे. बोटाला खरखर लागली तर नवे पाणी, नवे लिंबूसत्त्व. जाड थरासाठी एकाच वेळी दहा चमचे घालण्यापेक्षा चार-चार चमच्यांच्या तीन फेऱ्या कितीतरी चांगल्या, आणि तिसरी फेरी बहुधा दहा मिनिटांतच आटोपते.

आधीच कुणी उकळून तो गुळगुळीत पापुद्रा बसवून ठेवला असेल, तर गार पाण्यात लिंबूसत्त्वाचे दुप्पट तीव्र द्रावण करावे, ते दर दोन-तीन तासांनी बदलावे आणि मऊ पडलेला भाग लाकडी उलथन्याने सोडवत जावा. घाई केली तर पुन्हा तारेच्या घासणीकडे हात जातो. पहिल्या चमच्यालाही अजिबात बुडबुडे न उठणारा करडा, काचेसारखा थर असेल आणि त्या केटलमध्ये पूर्वी कधी लिंबूसत्त्व उकळलेले नसेल, तर तो सल्फेटचा किंवा सिलिकाचा समजावा. त्याच्यावर घरगुती ॲसिड चालत नाही, तेव्हा त्याच्यामागे लागू नये.

केटल साफ झाल्यावर दोनदा साधे पाणी उकळून टाकून द्यावे. तिचा तळ मात्र कधीही पाण्यात बुडवू नये.

तोटीच्या बॉयलरलाही हीच पद्धत लागू पडते, फक्त तिथे दहा लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम लिंबूसत्त्व घालण्याची गरज नसते. प्लग काढून, तळ बुडेल इतके दोन लिटर द्रावण आत ठेवावे. वर पाण्याच्या पातळीपाशी जो पांढरा पट्टा धरलेला असतो, त्याच्यासाठी जुन्या सुती धोतराची किंवा साडीची पट्टी फाडून, द्रावणात भिजवून, आतल्या बाजूने भिंतीला चिकटवून द्यावी आणि दर दहा मिनिटांनी कपाने त्याच द्रावणाने ओली करत राहावी. अर्ध्या तासाने तीच पट्टी जरा दाबून फिरवली की पट्टा पुसला जातो.

तोटीकडे बहुतेक जण लक्ष देत नाहीत, आणि बॉयलर गळू लागतो तो मात्र तिथूनच. तोटीच्या आतल्या झडपेवर क्षाराचा कण बसला की ती पूर्ण मिटत नाही; मग माणसे ती जोर लावून आवळतात आणि वॉशर कापला जातो. द्रावण आत असतानाच तोटी चार-पाच वेळा उघडझाप करावी, म्हणजे ते झडपेपर्यंत पोहोचते. पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी असेल तर तिच्यातही द्रावण चढू द्यावे आणि नंतर बाटली घासायच्या बारीक ब्रशने ती आतून एकदा पुसावी. तोटी पूर्ण काढायची झाल्यास आतली नट सोडवण्याआधी वॉशर कोणत्या क्रमाने बसवलेले आहेत याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. वाचनालयातल्या बॉयलरला सिलिकॉनचे दोन वॉशर आहेत, एक आतून आणि एक बाहेरून, आणि मी एकदा दोन्ही बाहेरच्या बाजूला बसवल्यामुळे सकाळी सगळ्या टेबलावर पाणी झाले होते.

बोअरच्या पाण्यावर महिन्यातून एकदा, थर पातळ असतानाच हे करावे. तेव्हा एकच फेरी पुरते. रात्री उरलेले पाणी केटलमध्ये ठेवू नये, ओतून झाकण उघडे ठेवावे. आरओचे पाणी वापरणाऱ्यांना हा सगळा खटाटोप क्वचितच करावा लागतो, पण आमच्या वाचनालयात ती सोय नाही, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लिंबूसत्त्वाची पुडी आणि धोतराची पट्टी घेऊन मी तिथे असते.