माझं हॅकिन्टॉश कसं उभं राहिलं, आणि अडलं की मी आधी काय बघते

हॅकिन्टॉश म्हणजे मॅक नसलेल्या साध्या पीसीवर बसवलेलं मॅकओएस. स्वतः जोडलेल्या पीसीवर मॅकओएसचा डेस्कटॉप उमटला की काम झालं असं वाटतं. माझ्या हिशेबी तेव्हा ते अर्ध्यावर आलेलं असतं. मशीन झोपवलं, तासाभरानं कीबोर्डचं एक बटण दाबून उठवलं, आणि नेटवर्क, पडदा, यूएसबीला लावलेला ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारी पेटी) सगळं जागच्या जागी असलं, की मग मी त्याला पूर्ण म्हणते. मी ध्वनिसंपादन करते. लॉजिक प्रो हे मॅकवरचं ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर दिवसभर उघडं असतं, आणि मधेच इंटरफेस गायब झाला तर हातातलं रेकॉर्डिंग जातं. म्हणून इथे बसवणुकीवर थोडं आणि बसवल्यानंतरच्या कामावर जास्त लिहिलं आहे.

आधी दोन गोष्टी. मॅकओएसच्या परवान्यानुसार ते फक्त अ‍ॅपलच्या संगणकावर बसवायचं असतं. सायस्टार नावाच्या कंपनीनं २००८ मध्ये मॅकओएस घातलेले पीसी विकायला काढले, अ‍ॅपलनं खटला भरला आणि २००९ मध्ये निकाल अ‍ॅपलच्या बाजूनं लागला. हे माहीत असू द्या, आणि असं मशीन करून कुणाला विकू नका. दुसरं, अ‍ॅपलनं २०२० मध्ये स्वतःच्या चिपकडे वळायचं जाहीर केलं, आणि जून २०२५ मध्ये सांगितलं की टाहो, म्हणजे मॅकओएस २६, ही इंटेलवरची शेवटची आवृत्ती. त्यामुळे यासाठी मुद्दाम नवे भाग घेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. जुळणारा जुना पीसी हाताशी असेल तर मात्र त्याचा अजून काही काळ उपयोग आहे.

भाग आणि बायोस

माझ्याकडे इंटेलचा आय७-९७००, झेड३९० चिपसेटचा बोर्ड, एएमडीचं आरएक्स ५८० कार्ड आणि ३२ जीबी मेमरी आहे. मॅकओएससाठी एक एनव्हीएमई डिस्क, विंडोजसाठी वेगळी साटा डिस्क. दोन्ही सिस्टिम एकाच डिस्कवर ठेवू नका; विंडोजचं एखादं अपडेट बूटचा क्रम बदलतं आणि मग नसता गोंधळ निस्तरत बसावं लागतं.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती ग्राफिक्स कार्डात. एनव्हिडियाच्या ट्युरिंग आणि त्यापुढच्या पिढ्यांच्या कार्डांना मॅकओएसमध्ये ड्रायव्हर नाही. त्याआधीच्या मॅक्सवेल आणि पास्कल पिढ्यांचा ड्रायव्हर हाय सिएरा या मॅकओएसच्या जुन्या आवृत्तीवरच थांबला. एएमडीमध्येसुद्धा आरएक्स ६६०० आणि ६८०० चालतात, पण मधलं ६७०० चालत नाही, आणि ७००० मालिका तर नाहीच. हे चुकलं तर पुढचं काहीही करून उपयोग नाही.

बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट, फास्ट बूट आणि सीएसएम बंद करा. अबव्ह ४जी डिकोडिंग आणि एक्सएचसीआय हँड-ऑफ चालू. साटा एएचसीआयवर. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स चालू ठेवा, पण मुख्य पडदा कार्डाकडे द्या. सीएफजी लॉक (प्रोसेसरच्या काही सेटिंगवरचं कुलूप) बंद करण्याची सोय असेल तर बंद करा. नसेल तर ओपनकोअरमध्ये (मशीन चालू होताच मॅकओएस सुरू करून देणारा प्रोग्राम) अ‍ॅपलएक्ससीपीएमसीएफजीलॉक चालू करावं लागतं. हे सगळं झालं की बायोसच्या प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढून ठेवा. बोर्डाची बॅटरी उतरली किंवा बायोस अपडेट केलं की या सेटिंग पुसल्या जातात, आणि काय होतं ते आठवत नाही.

ओपनकोअरची फाइल

बूटलोडर ओपनकोअर. दुसऱ्या कुणाच्या मशीनची आयती ईएफआय (ओपनकोअरच्या सगळ्या फाइलींचं फोल्डर) उचलून टाकू नका. ती चालली तर का चालली ते कळत नाही, आणि अडली तर कुठे हात घालायचा ते कळत नाही. ओपनकोअरबरोबर येणारी नमुना फाइल घ्या, तिला कॉन्फिग डॉट पीलिस्ट असं नाव द्या आणि प्रॉपरट्री या संपादकात उघडा. लागणारे केक्स्ट (मॅकओएसचे ड्रायव्हर) आणि एसएसडीटी (बोर्डाची माहिती मॅकओएसला पटेल अशी मांडणाऱ्या छोट्या फाइली) आपापल्या फोल्डरमध्ये टाकून प्रॉपरट्रीचा क्लीन स्नॅपशॉट घेतला की सगळी नावं फाइलमध्ये योग्य क्रमानं बसतात. क्रम महत्त्वाचा आहे: लिलू सगळ्यात आधी, मग व्हर्च्युअलएसएमसी, व्हॉटेव्हरग्रीन, अ‍ॅपलएएलसी. माझ्या बोर्डावर इंटेलचं इथरनेट आहे, म्हणून इंटेलमाउसी.

झेड३९० ला चार एसएसडीटी लागतात. प्लग हा प्रोसेसरच्या वेगाच्या व्यवस्थापनासाठी. ईसी-यूएसबीएक्स हा यूएसबीला मिळणाऱ्या विजेसाठी. एडब्ल्यूएसी अशासाठी, की नव्या बोर्डांचं घड्याळ वेगळ्या प्रकारचं असतं आणि मॅकओएस जुनं शोधत राहतं. आणि पीएमसी अशासाठी, की झेड३७० वगळता ३०० मालिकेच्या बोर्डांवर त्याच्याशिवाय एनव्हीरॅममध्ये, म्हणजे सेटिंग जपणाऱ्या बोर्डावरच्या मेमरीत, काहीच टिकत नाही.

फाइलमधल्या बूटर विभागाच्या क्वर्क्समध्ये (बोर्डाच्या खोडींवर उपाय करणारी बटणं) या बोर्डाला डीव्हर्च्युअलाइज एमएमआयओ, प्रोटेक्ट यूईएफआय सर्व्हिसेस, रीबिल्ड अ‍ॅपल मेमरी मॅप आणि सिंक रनटाइम परमिशन्स चालू, तर एनेबल राइट अनप्रोटेक्टर बंद. मशीन कुठला मॅक आहे असं दाखवायचं ते मॉडेल म्हणून आयमॅक १९,१. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स माझ्याकडे पडद्याला जोडलेलं नाही, ते फक्त व्हिडिओच्या कामाला मदत करतं, म्हणून त्या ग्राफिक्सचा प्लॅटफॉर्म आयडी ०३००९१३ई. हा आकडा मूळ ३ई९१०००३ चे बाइट उलटे लावून लिहिलेला असतो. सरळ लिहिला तर चालत नाही, आणि ही चूक मी पहिल्याच दिवशी केली होती.

सिरीयल क्रमांक जेनएसएमबायोस या साधनानं तयार करा आणि अ‍ॅपलच्या वॉरंटी तपासण्याच्या पानावर टाकून बघा. तिथे तो क्रमांक चुकीचा आहे असं उत्तर आलं पाहिजे. खरंच विकलेल्या मशीनचा क्रमांक निघाला तर तो वापरू नका, दुसरा बनवा. आणि मदतीसाठी कुणाला फाइल पाठवताना हे चार रकाने आधी रिकामे करा: सिरीयल, बोर्ड सिरीयल, यूयूआयडी, रॉम.

शेवटी फाइलमधल्या चुका शोधणारं ओसीव्हॅलिडेट चालवा. ते ओपनकोअरच्या त्याच आवृत्तीचं हवं.

मग इन्स्टॉलरची पेनड्राइव्ह बनवून तिच्यावरून बूट करा. डिस्क युटिलिटीत गेल्यावर आधी व्ह्यूमधून 'शो ऑल डिव्हायसेस' निवडा आणि आख्खी डिस्क एपीएफएस व जीयूआयडी पार्टिशन मॅप असं ठरवून पुसा. फक्त आतला भाग पुसला तर इन्स्टॉलर ती डिस्क नाकारतो. बसवणूक चालू असताना मशीन दोन-तीन वेळा आपोआप रीस्टार्ट होतं; दर वेळी मेन्यूत 'मॅकओएस इन्स्टॉलर' निवडायचं, पेनड्राइव्ह नाही.

अडलं कुठे ते वाचायचं कसं

बूट-आर्ग्जमध्ये (बूट होताना मॅकओएसला द्यायच्या सूचनांच्या रकान्यात) वजा चिन्ह आणि व्ही लिहिलं की सफरचंदाऐवजी पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावतात. त्यासोबत डीबग=०एक्स१०० आणि कीपसिम्स=१ टाका, म्हणजे पॅनिक आल्यावर (मॅकओएस कोसळल्यावर) मशीन लगेच रीस्टार्ट न होता मजकूर पडद्यावर राहतो. ओळी वेगानं सरकतात, म्हणून फोनवर स्लो-मोशन व्हिडिओ घ्या आणि शेवटच्या दहा ओळी वाचा.

अगदी सुरुवातीला 'एक्झिटबीएस स्टार्ट' वर थांबलं तर बूटरच्या क्वर्क्सकडे परत जा. 'पीसीआय कॉन्फिगरेशन बिगिन' वर थांबलं तर अबव्ह ४जी बघा; बायोसमध्ये ते नसेलच तर बूट-आर्ग्जमध्ये एनपीसीआय=०एक्स२०००, पण दोन्ही एकदम नकोत. 'स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस' आलं, किंवा पडद्यावर आडवी रेघ मारलेलं गोल चिन्ह आलं, तर मॅकओएसला डिस्क किंवा पेनड्राइव्ह सापडत नाही आहे. पेनड्राइव्ह काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या पोर्टमध्ये लावून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. ओळी व्यवस्थित धावल्या आणि मग पडदाच काळा झाला तर दोष कार्डाच्या बाजूला आहे. आरएक्स ५००० आणि ६००० मालिकेला एजीडीपीमॉड=पिकेरा लागतं. आरएक्स ५८० ला ते लागत नाही.

एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा: तारीख, काय बदललं, काय झालं. मी एका रात्री पाच गोष्टी एकदम बदलल्या होत्या. मशीन चालू झालं, पण नेमकं कशानं ते शोधायला पुढचे दोन दिवस गेले.

यूएसबीचा नकाशा

कुठली यूएसबी पोर्ट आहेत आणि कशी, ते मॅकओएसला सांगायचं हे काम कंटाळवाणं म्हणून टाळलं जातं. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक दुखणी इथूनच निघतात. मॅकओएस एका कंट्रोलरवर १५ च पोर्ट मानतं. झेड३९० च्या कंट्रोलरवर नावं २६ असतात, कारण यूएसबी ३ चं एक भोक दोन पोर्ट म्हणून मोजलं जातं, संथ बाजू एचएस आणि वेगवान बाजू एसएस. पूर्वी एक्सएचसीआय पोर्ट लिमिट नावाच्या क्वर्कनं ही मर्यादा उठवता यायची. मॅकओएस बिग सर ११.३ पासून ते भरवशाचं राहिलं नाही. म्हणजे कुठले १५ ठेवायचे ते आपणच ठरवायचं.

विंडोजमध्ये पोर्टची यादी दाखवणारं यूएसबीटूलबॉक्स चालवा. वहीत कॅबिनेटच्या मागच्या बाजूचं चित्र काढा, पोर्टच्या चौकोनांसह. एक यूएसबी २ ची आणि एक यूएसबी ३ ची पेनड्राइव्ह घ्या. प्रत्येक भोकात आधी एक, मग दुसरी लावायची, यादी ताजी व्हायला क्षणभर थांबायचं, आणि दिसलेला क्रमांक त्या चौकोनात लिहायचा. टाइप-सी असेल तर डिव्हाइस सुलट आणि उलट असं दोनदा लावा. यादीत प्रत्येक पोर्टचा प्रकार आकड्यात भरायचा असतो: टाइप-सीला दोन्ही वेळा एकच एसएस क्रमांक आला तर प्रकार ९, वेगवेगळे आले तर १०. साध्या भोकांना यूएसबी २ साठी ० आणि यूएसबी ३ साठी ३. बोर्डावर आतून जोडलेल्या सगळ्यांना २५५.

माझी निवड अशी झाली. मागच्या चार निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टपैकी तिघांच्या दोन्ही बाजू, म्हणजे ६. चौथ्यात कीबोर्ड कायम लावलेला, त्याला वेग लागत नाही, म्हणून फक्त संथ बाजू, ७. टाइप-सी २, झाले ९. दोन काळे पोर्ट, ११. ब्लूटूथ, १२. पुढच्या पहिल्या पोर्टच्या दोन्ही बाजू, १४, आणि दुसऱ्याची फक्त संथ बाजू, १५. यातून तयार होणारा यूटीबीमॅप आणि त्याच्या जोडीचा यूएसबीटूलबॉक्स केक्स्ट, दोन्ही ईएफआयमध्ये टाकून स्नॅपशॉट घ्यायचा.

एवढं करूनही माझं मशीन झोपत नव्हतं. पडदा काळा व्हायचा, पंखे थांबायचे, आणि दोन सेकंदांत पुन्हा सुरू. टर्मिनलमध्ये पीएमसेट या झोप-विजेच्या आज्ञेचा लॉग काढला, तर उठण्याचं कारण दर वेळी एक्सएचसी, म्हणजे यूएसबी कंट्रोलर. माउस काढला, इंटरफेस काढला, शेवटी कीबोर्डही काढून नुसत्या पॉवर बटणानं झोपवून पाहिलं. तरी तेच. बाहेर काहीच उरलं नाही तेव्हा लक्ष आत गेलं. वायफाय कार्डापासून बोर्डापर्यंत जाणारी बारीक केबल ही ब्लूटूथची यूएसबी जोडणी असते. माझ्या वहीत ती एचएस१४ होती, आणि प्रकाराच्या रकान्यात मी घाईत ० लिहिलं होतं. मॅकओएस तिला बाहेरचं, काढता-घालता येणारं उपकरण समजत होतं. तो आकडा २५५ केला, रीस्टार्ट केलं, झोपवलं. दहा मिनिटं मी त्या शांत कॅबिनेटसमोर बसून राहिले, आणि मग कीबोर्डला बोट लावलं. आनंदानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तुमच्याकडेही असंच होत असेल तर आधी आतल्या जोडण्यांचे प्रकार तपासा. त्यानंतर पॉवर नॅप, स्टँडबाय आणि ऑटोपॉवरऑफ ही तिन्ही पीएमसेटनं शून्यावर आणा.

आवाज, वायफाय, अपडेट

बोर्डावरच्या आवाजासाठी बूट-आर्ग्जमधल्या एएलसीआयडीचा आकडा बदलत बघायचा. एएलसी१२२० या आवाजाच्या चिपला १, २, ३, ५, ७, ११ असे बरेच पर्याय आहेत. जो मागचा आणि पुढचा दोन्ही जॅक चालवेल तो ठेवा. टाहोमध्ये अ‍ॅपलनं अ‍ॅपलएचडीए हा आवाजाचा ड्रायव्हरच काढून टाकला, त्यामुळे अ‍ॅपलएएलसी तिथे जसंच्या तसं चालत नाही. माझं मॉडेल आयमॅक १९,१ टाहोला चालतही नाही, म्हणून मी सिकोया या त्याआधीच्या आवृत्तीवरच आहे आणि राहणार आहे. वायफायला जुनी ब्रॉडकॉम कार्डं उत्तम होती, पण सोनोमा या आवृत्तीनं त्यांचा आधार काढला. इंटेलच्या कार्डाला आयटीएलडब्ल्यूएम या केक्स्टनं वायफाय मिळतं, एअरड्रॉप मिळत नाही. मी केबलवर असते.

अपडेट आलं की लगेच बटण दाबू नका. आधी ओपनकोअर आणि केक्स्ट नवे करून ते पेनड्राइव्हवर ठेवा, आणि तिच्यावरून आत्ताचं मॅकओएस बूट होतं का बघा. झालं, तर तीच ईएफआय डिस्कवर उतरवा आणि मग अपडेट घ्या. जुनी, चालत असलेली ईएफआय दुसऱ्या पेनड्राइव्हवर असू द्या. माझ्या त्या दुसऱ्या पेनड्राइव्हला लाल चिकटपट्टी आहे, तीवर शेवटची तारीख लिहिलेली आहे, आणि वहीच्या त्याच तारखेच्या पानावर पंधराही पोर्टचे आकडे आहेत.