पाट्या वाचत चाला: संभाजीनगरचं जुनं शहर पायी कसं बघायचं

वेरूळ झालं, अजिंठा झालं, मकबरा झाला, आता गावात बघायला काय आहे असं पाहुण्यांनी विचारलं की आपलेच लोक सांगतात, काही नाही, नुसती गर्दी आहे. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं. मी कॉलेजला म्हणून जालन्याहून इथं आलो आणि पहिली दोन वर्षं मीही हेच म्हणायचो. मग एकदा जुन्या बाजारात वह्यांचं बाइंडिंग करायला गेलो, दुकानातल्या चाचांना रंगारगल्लीचा रस्ता विचारला, तर ते म्हणाले, "बेटा, रस्ता नंतर, आधी नाव ऐक. रंगारी लोक कपडे रंगवायचे, म्हणून रंगारगल्ली." त्या दिवसापासून मी या शहरात पाट्या वाचत चालतो, आणि तुम्हीही तसंच चाला हे सांगायलाच हे सगळं लिहितोय.

आधी थोडी तयारी

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा बेस्ट काळ. एप्रिल-मेमध्ये ऊन चाळिशीच्या वर जातं, तेव्हा दुपारी फिरायचं नावच काढू नका. गाडी घरी ठेवा, आतल्या गल्ल्यांत कार अडकली की तुमचाही जीव जातो आणि मागच्यांचाही, त्यापेक्षा रिक्षानं पाणचक्कीला उतरा. चालणं एकूण चार-पाच किलोमीटर आहे पण वेळ पाच तास धरा, कारण थांबणं जास्त आहे. पायात सहज काढता येईल अशी चप्पल, डोक्यावर घ्यायला ओढणी किंवा रुमाल (दर्गा, गुरुद्वारा, देऊळ सगळीकडं कामाला येतो), पाण्याची बाटली, आणि खिशात दहा-वीसच्या नोटा. यूपीआय सगळीकडं चालतं, तरी गाड्यावर सुट्टे दिलेले बरे.

आणि एक, निघण्याआधी या शहराची नावं पाठ करा. मलिक अंबरनं १६१० ला वसवलं ते खडकी, त्याच्या मुलाच्या म्हणजे फतेहखानाच्या नावानं झालं फतेहनगर, औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना १६५३ ला झालं औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. मलिक अंबर हा हबशी, आजच्या इथिओपियातला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस, अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला आणि त्यानं हे गाव उभं केलं. म्हणजे या गावाची पायाभरणीच मुळात बाहेरून आलेल्या माणसाची आहे, हे डोक्यात ठेवून चाललात तर पुढचं सगळं नीट दिसतं.

सकाळी सातला, पाण्यापासून सुरुवात

पाणचक्की उघडायची वेळ बघून जा, थोडं लवकर पोचलात तर बाहेर महमूद दरवाजा आणि खाम नदीचा पूल बघत थांबा. आत बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे, हे सूफी संत मध्य आशियातून इथं आले होते. डोंगरातलं पाणी मातीच्या पाइपांतून नुसत्या उताराच्या जोरावर इथवर आणलं, त्यावर जातं फिरवलं आणि त्या जात्यावर फकीर-यात्रेकरूंसाठी धान्य दळलं. हौदाच्या काठावर उभं राहिलात की तुमच्या पायाखाली एक दालन आहे, त्या दालनाचं छत म्हणजेच या हौदाचा तळ. उन्हाळ्यात तिथं किती गार वाटत असेल बघा. एके काळी शहराला पाणी पुरवणारी नहर-ए-अंबरी (नहर म्हणजे कालवा) पण मलिक अंबरचीच, तीही अशीच उतारावर चालणारी. वडाच्या झाडाखाली दहा मिनिटं बसा, घाई करू नका.

इथून जवळच नागसेनवन आहे. बाबासाहेबांनी १९५० ला इथं कॉलेज सुरू केलं, तेच मिलिंद महाविद्यालय, आणि मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतली पोरं इथं येऊन शिकली, लिहायला लागली. गंगाधर पानतावणे यांचं 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक याच शहरातून निघायचं, दलित साहित्याची एक आख्खी पिढी त्यातून पुढं आली. बाहेरून आलेले लोक विचारतात की लेखक-कवींची वस्ती कुठं आहे, तर मी त्यांना आधी इथं आणतो.

भडकल गेट

घाटी दवाखान्यावरून चालत भडकल गेटला या. हा दरवाजा पण मलिक अंबरचा, मोगलांवरच्या विजयाच्या आठवणीत बांधलेला, आणि त्याच्यासमोर बाबासाहेबांचा पुतळा. १४ एप्रिलला इथं पाय ठेवायला जागा नसते. चारशे वर्षांपूर्वीचा गुलामीतून उठलेला हबशी वजीर आणि बाबासाहेब असे समोरासमोर, मला तर इथं प्रत्येक वेळी थांबावंच लागतं. याला ५२ दरवाजांचं शहर म्हणतात पण उभे राहिलेत मोजकेच, तेव्हा गेट मोजत फिरू नका, एक-दोनच नीट बघा. गेटच्या कमानीखालून गाड्या जातात, फोटोसाठी रस्त्याच्या मध्ये जाऊ नका.

आता पाट्या

जुना बाजार ते सिटी चौक या भागात शिरलात की मोबाईलचा मॅप बंद करा. खरंच बंद करा. इथं रस्ता विचारणं हीच मेन गोष्ट आहे, कारण विचारलं की माणूस बोलतो. मराठीत विचारा, उत्तर मराठीत येईल, हिंदीत येईल, नाहीतर दखनीत येईल, "हौ, सीधे जाव, फिर नक्को मुडो" असलं काहीतरी, आणि ते तुम्हाला पूर्ण समजेल. वयस्कर माणसाला चाचा किंवा मामा म्हणा, बाईला मावशी किंवा खाला म्हणा, तेवढ्यानं चेहरा खुलतो.

नावं ऐकत चला. गुलमंडी म्हणजे फुलांचा बाजार, पानदरिबा म्हणजे पानांचा, कासारी बाजार कासारांचा, कुंभारवाडा कुंभारांचा, सराफा तर सांगायलाच नको. एकच चौक ओलांडला की फारसी नाव संपतं आणि मराठी सुरू होतं, आणि दोन्ही नावं कुणाच्या तरी हातातल्या कामाची. जुन्या तटाबाहेर गेलात तर जयसिंगपुरा, कर्णपुरा, पदमपुरा, ही मोगलांच्या चाकरीत इकडं आलेल्या राजपूत सरदारांची नावं. नवरात्रात आपण सगळे ज्या कर्णपुऱ्याच्या देवीला जातो ते कर्णपुरा म्हणजे बिकानेरच्या राजा करणसिंहाचं. हे मला कळलं तेव्हा मी आईला फोन करून सांगितलं होतं.

सिटी चौकातून सराफ्याच्या बाजूनं राजाबाजारात जा. तिथं संस्थान गणपती आहे, शहराचं ग्रामदैवत, विसर्जनाची मिरवणूक इथूनच निघते. त्याच भागात जैन मंदिर आहे. पुढं धावणी मोहल्ल्यात भाई दयासिंग यांच्या आठवणीतला गुरुद्वारा आहे तो विचारत विचारत शोधा. भाई दयासिंग पंचप्यार्‍यांपैकी एक, म्हणजे खालसा पंथात सगळ्यात आधी आलेल्या पाच शिखांपैकी, गुरु गोविंदसिंगांनी १७०५ ला औरंगजेबाला फारसीत लिहिलेलं पत्र, जफरनामा, घेऊन ते इथं आले होते. नांदेडचा गुरुद्वारा सगळ्यांना माहीत, हा बऱ्याच संभाजीनगरकरांना माहीत नाही.

मग शहागंज. टॉवरचं घड्याळ हैदराबादच्या निजामाच्या काळातलं, मशीद त्याच्याही आधीची, आणि खाली कपडे, अत्तर, प्लास्टिक, कांदे असं सगळं. शुक्रवारी दुपारी नमाजच्या वेळेला मशिदीच्या दारात गर्दी असते, तेव्हा आत बघायला घुसू नका, नंतर या.

खायचं कधी आणि काय

मांसाहारी असाल तर नान-खलिया. बुढीलेन, सिटी चौक, शहागंज या भागात मिळतो. नान मोठा, पिवळसर, तंदूरमधला, आणि खलिया म्हणजे तर्री असलेलं मटण. लोक सांगतात की मुहम्मद तुघलकानं १३२७ ला राजधानी दौलताबादला आणली तेव्हा सैन्याच्या मोठ्या पंगतींसाठी हा प्रकार सुरू झाला. सैन्याची गोष्ट खरी असो की ऐकीव, लग्नाच्या पंगतीत हजार माणसांना झटपट वाढता येतं हे मी डोळ्यांनी बघितलंय. मटण कसलं आहे ते बिनधास्त विचारा, कुणी वाईट मानत नाही. शाकाहारी असाल तर भूक गुलमंडीसाठी राखून ठेवा, तिथली इमरती खायचीच. ती जिलबीसारखी दिसते पण उडदाच्या डाळीची असते, गरम घ्या आणि उभ्यानंच खा. चहा मात्र बसून, वन बाय टू सांगा आणि शेजारच्या टेबलावरचं बोलणं कानावर पडू द्या. एखादा शेर ऐकायला मिळेलच, आणि त्यात नवल काय, उर्दू गझलेचा मोठा कवी वली दखनी याच शहरात १६६७ ला जन्मला आणि सिराज औरंगाबादी पण इथलाच. दिल्लीला गझल वलीमुळं कळली असं जाणकार म्हणतात, आणि आपल्या पोरांना शाळेत त्याचं नावही सांगत नाहीत, याचा मला फार त्रास होतो.

खरेदी करायची तर

हिमरू घ्या, पण बघून घ्या. सुती ताणा (उभे धागे), रेशमी बाणा (आडवे धागे), किमख्वाबाला म्हणजे महागड्या जरीच्या रेशमी कापडाला पर्याय म्हणून आलेलं कापड. आता हातमाग थोडेच उरलेत, बाजारात बरीचशी शाल पॉवरलूमची असते. दुकानदाराला सरळ विचारा की हे हातमागाचं का, आणि कापड उलटं करून बघा, खऱ्या हिमरूच्या मागच्या बाजूला जास्तीचे धागे मोकळे सुटलेले दिसतात. मागावर बसलेला कारागीर दिसला तर फोटोआधी परवानगी घ्या आणि त्याचं काम थांबेल असं काही करू नका, तो दिवसभरात इंचाइंचानं पुढं जात असतो. नुसतं बघून निघालात तरी चालतं, पण मग भाव पाडत बसू नका.

शेवटचा टप्पा

शहागंजहून परत फिरा, रंगारगल्ली, सुपारी हनुमान, गुलमंडी असं करत पैठण गेटला या. पुस्तकांची आवड असेल तर मध्येच औरंगपुऱ्याकडं वळा, सरस्वती भुवन शाळा तिकडंच, १९१५ पासूनची, निजामाच्या राज्यात मराठीतून शिकवायची सोय करणारी. रमजानमध्ये आलात तर हाच रस्ता उलटा चाला, म्हणजे संध्याकाळी पैठण गेटवरून सुरू करून रात्री शहागंजला पोचा, बाजार उशिरापर्यंत जागा असतो. पैठण गेटवरून क्रांती चौकाकडं रिक्षा मिळतात, बसायच्या आधी भाडं ठरवून घ्या, आणि आज ऐकलेली गल्ल्यांची नावं विसरायच्या आत रिक्षातच मोबाईलमध्ये लिहून ठेवा.