सीमाभागात मोजक्या बजेटमध्ये घर बांधताना बांधकाम कंपनी कशी निवडावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात एक-दोन गुंठे जागा घेऊन घर बांधणारी बहुतेक कुटुंबे कंपनी किंवा कंत्राटदार निवडताना आधी एकच प्रश्न विचारतात : स्क्वेअर फुटाला रेट काय? हा प्रश्न विचारलाच पाहिजे, मात्र तो शेवटी विचारावा, कारण त्या रेटमध्ये काय काय धरले आहे हे कागदावर आल्याशिवाय दोन कंपन्यांची तुलनाच होऊ शकत नाही.

१. आधी जागेचे कागद आणि जागेची माती

महापालिका किंवा नगरपालिका हद्दीत खाते उतारा (मालमत्तेच्या नोंदीचा उतारा) आणि ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तु या ऑनलाइन मालमत्ता-नोंदणी प्रणालीतून मिळणारे फॉर्म ९ व ११-अ हाती असल्याशिवाय कोणत्याही कंपनीला आगाऊ रक्कम देऊ नये. फॉर्म ११-ब (अधिकृत न झालेल्या जागेच्या नोंदीचा उतारा) असलेल्या जागेवर बँका सहसा कर्ज देत नाहीत. जमीन मुळात शेतीची असेल, तर बिगरशेतीचा आदेश आहे की नाही तेही पाहावे. हे सगळे कागद कन्नडमध्ये असतात. घरात कन्नड नीट वाचणारे कोणी नसेल, तर वकिलाकडून ओळ न ओळ समजावून घ्यावी. ‘परवान्याचे आम्ही बघून घेतो, तुम्ही काम सुरू करा’ असे सांगणारी कंपनी तेथेच बाद करावी, कारण विनापरवाना कामाची नोटीस कंपनीच्या नव्हे, मालकाच्या नावाने निघते.

मातीचा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. खानापूरकडे जांभ्याची जमीन आहे, तर बैलहोंगल, सौंदत्ती, अथणी या बाजूला बऱ्याच ठिकाणी काळी माती लागते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे त्या मातीत उथळ पाया घेतलेल्या घराच्या भिंतींना तिरप्या भेगा जातात. जागेवर येऊन खड्डा घेऊन पाहिल्याशिवाय पायासकट रेट सांगणाऱ्या कंपनीचा आकडा विश्वासार्ह मानू नये.

२. इंजिनिअर स्वतःचा असावा

नकाशा, आरसीसी (सळई-काँक्रीटच्या सांगाड्याचे) डिझाइन आणि कामाचे तपशीलवार वर्णन हे तीन कागद कंपनीशी संबंध नसलेल्या इंजिनिअरकडून करून घ्यावेत. त्याची फी वाचवण्याचा मोह अनेकांना होतो. माझ्या मते बजेट जितके कमी, तितकी ही फी अधिक गरजेची आहे, कारण ज्याने काम करायचे त्यानेच काम तपासायचे ही व्यवस्था मालकाच्या हिताची असू शकत नाही. कामाच्या वर्णनात सिमेंटचा प्रकार, सळईची प्रत (उदाहरणार्थ, एफई ५००-डी), काँक्रीटची प्रत किमान एम-२०, भिंत चिऱ्याची की विटांची की ब्लॉकची, फरशीची व खिडक्यांची कमाल किंमत, लाइटचे पॉइंट किती, नळाचे पॉइंट किती हे सर्व लिहिलेले असावे.

३. तोच कागद तीन कंपन्यांना देऊन रेट मागवावा

समजा, नकाशात घराचे क्षेत्रफळ ९०० स्क्वेअर फूट आहे. एक कंपनी १,८५० रुपये रेट सांगते आणि दुसरी २,०५० रुपये. पहिली स्वस्त वाटते. पण पहिली कंपनी सज्जे, पोर्च आणि जिन्यावरचा स्लॅब धरून १,०२० स्क्वेअर फूट मोजत असेल, तर तिची रक्कम १८,८७,००० रुपये होते आणि नकाशाप्रमाणे ९०० मोजणाऱ्या दुसऱ्या कंपनीची १८,४५,०००. म्हणजे कमी रेटची कंपनी ४२,००० रुपयांनी महाग पडली. पाण्याचा संप (जमिनीखालची टाकी), सेप्टिक टँक, कंपाउंड आणि वरची टाकी ‘एक्स्ट्रा’ असतील, तर हा फरक आणखी वाढेल. म्हणून क्षेत्रफळ कसे मोजणार हे रेटच्या आधी लिहून घ्यावे आणि तुलना नेहमी एकूण रकमेची करावी.

जीएसटी रेटमध्ये धरला आहे की वेगळा, हेही विचारावे. मटेरियलसह कंत्राट दिल्यास १८ टक्के जीएसटी लागतो, आणि १८,४५,००० रुपयांवर तो ३,३२,१०० रुपये होतो. स्वतंत्र एकट्या घराचे निव्वळ मजुरीचे कंत्राट मात्र जीएसटीमुक्त आहे. घरातील कोणाला रोज साइटवर उभे राहता येत असेल, तर मटेरियल स्वतः घेऊन मजुरी तेवढी कंत्राटाने देणे परवडते. नोकरीमुळे ते शक्य नसेल, तर या बचतीच्या मागे लागू नये, कारण देखरेखीशिवाय मटेरियलची नासाडी फार होते.

४. त्या कंपनीने बांधलेली जुनी घरे पाहावीत

नवे रंगवलेले घर पाहून काही कळत नाही. दोन पावसाळे काढलेली घरे दाखवण्याचा आग्रह धरावा आणि शक्य असेल तर ती जून ते सप्टेंबरमध्ये पाहावीत. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात कच्चे काम लपत नाही : स्लॅबच्या खालच्या बाजूचे ओले डाग, खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली भेग, संडास-बाथरूमच्या मागच्या भिंतीचा सुटलेला गिलावा आणि गच्चीचा कठडा स्लॅबला मिळतो तेथील ओल, या चार जागा नीट पाहाव्यात. चिरा पाणी शोषतो, त्यामुळे चिऱ्याच्या भिंतीला बाहेरून काय केले आहे हेही पाहावे. घरमालकांना मात्र एकच गोष्ट अवश्य विचारावी : शेवटचा हप्ता दिल्यानंतर कंपनीचा माणूस दुरुस्तीसाठी आला का?

५. करार आणि हप्ते

करार स्टॅम्प पेपरवर असावा, त्याला नकाशा आणि कामाचे वर्णन जोडलेले असावे आणि प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या असाव्यात. करार कन्नड किंवा इंग्रजीत असेल, तर सहीपूर्वी मराठीत पूर्ण वाचून घ्यावा.

हप्ते महिन्यावर न ठेवता कामावर ठेवावेत : प्लिंथ (जोते), स्लॅब, भिंती, गिलावा, फरशी, रंग. दिलेले पैसे झालेल्या कामाच्या पुढे कधीही जाऊ नयेत. आगाऊ रक्कम १० टक्क्यांच्या आत ठेवावी आणि किमान ५ टक्के रक्कम एक पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवण्याची अट घालावी. चांगली कंपनी या अटीला घाबरत नाही. बँकेचे कर्ज असल्यास बँकही टप्प्याटप्प्यानेच पैसे देते, तेव्हा करारातील टप्पे बँकेच्या टप्प्यांशी जुळवून घ्यावेत, नाहीतर मधल्या काळात काम थांबते. दिवाळीनंतर पाया घेतला, तर पावसाळ्यापूर्वी स्लॅब पडण्यास पुरेसा वेळ मिळतो, म्हणून कराराची बोलणी दसऱ्याच्या सुमारास पूर्ण करावीत.

६. तपासणीचा हक्क करारात लिहून घ्यावा

सळई वजनकाट्यावर मोजून घेता आली पाहिजे : १२ मिलिमीटरची १२ मीटर लांबीची एक सळई साधारण १०.६६ किलो भरते, आणि ती बरीच हलकी भरली तर माल परत पाठवावा. स्लॅबच्या दिवशी आपल्या इंजिनिअरने सळईची बांधणी पाहून लेखी मान्यता दिल्याशिवाय काँक्रीट पडणार नाही, आणि त्या काँक्रीटचे क्यूब (नमुन्याचे ठोकळे) २८ दिवसांनी प्रयोगशाळेत तपासले जातील, ही दोन कलमे अवश्य असावीत. पाणी मारण्याची जबाबदारी कोणाची, तेही लिहावे. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) किमान १० दिवस पाणी लागते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात त्याहून जास्त.

७. वाद झाल्यास

स्वतःच्या जागेवर स्वतःसाठी बांधलेल्या एकट्या घराला रेराचे (बिल्डरांच्या गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या कायद्याचे) संरक्षण मिळत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मात्र घरबांधणीला सेवा मानतो. कंपनी कोल्हापूरची किंवा गोव्याची असली, तरी तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणून बेळगाव जिल्ह्यात राहणाऱ्याला सीमेपलीकडे खेटे घालावे लागत नाहीत. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तक्रारीला पुरावा राहावा म्हणून पैसे रोख न देता बँकेतून द्यावेत, प्रत्येक हप्त्याची पावती घ्यावी आणि गिलाव्याआड झाकल्या जाणाऱ्या पाइप, वायरिंग व सळईचे फोटो तारखेसह जपून ठेवावेत.