.२२ स्पोर्ट पिस्तूल: काडतुसाची निवड आणि अडकण्याचा इलाज

२५ मीटर पिस्तूल हा नेमबाजीचा प्रकार सुरू करणारे बहुतेक जण आधी विचारतात, सगळ्यात अचूक काडतूस कोणतं? खरं तर हा दुसरा प्रश्न. प्रिसिजन म्हणजे सावकाश नेमाच्या फेरीच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर असतो, रॅपिड म्हणजे झटपट शॉटच्या फेरीच्या टार्गेटवर तर १००. कुठलंही बऱ्यापैकी मॅच (स्पर्धेसाठीचं) काडतूस धड नळीतून २५ मीटरवर ५० मिलिमीटरच्या निम्म्यात बसतं. त्यापुढचा पसारा मनगटाचा आणि ट्रिगरचा. म्हणून आधी असं काडतूस शोधा, जे तुमच्या पिस्तुलात दर वेळी नीट भरलं जातं, फुटतं आणि त्याची केस, म्हणजे रिकामं कवच, बाहेर पडते.

सेंटरफायरवाल्यांसारखी (ज्यांच्या काडतुसाचा मसाला बुडाच्या मधोमध असतो) घरी काडतुसं भरण्याची सोय इथे नाही. .२२ लाँग रायफल हे रिमफायर काडतूस. ठिणगी पाडणारा मसाला केसच्या रिममध्ये, म्हणजे बुडाच्या कडेत, कारखान्यातच पसरवलेला असतो आणि फायरिंग पिनने रिम चेपली की ती केस संपली. त्यामुळे नेमबाजाच्या हातात उरते फक्त निवड.

बहुतेक .२२ टार्गेट पिस्तुलं ब्लोबॅक पद्धतीची असतात. गोळी सुटताना स्लाइड किंवा बोल्ट (शॉटनंतर मागे जाऊन केस बाहेर टाकणारा भाग) कुठेही लॉक झालेला नसतो. त्याचं वजन आणि त्याला पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग, एवढ्यावरच तो रोखलेला असतो. ही जुळणी सहसा स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतुसाच्या हिशेबाने केलेली असते: ४० ग्रेन म्हणजे २.६ ग्रॅमची शिशाची गोळी, वेग सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर. ३८० मीटरच्या आसपासचं हाय व्हेलॉसिटी काडतूस घातलं तर स्लाइड फ्रेमवर जोरात आदळते, झटका वाढतो आणि रॅपिडमध्ये पुढच्या शॉटला पिस्तूल उशिरा स्थिरावतं. उलट फार मंद काडतुसाने स्लाइड पूर्ण मागे जात नाही. पिस्तुलाच्या माहितीपुस्तिकेत कोणतं काडतूस वापरावं हे लिहिलेलं असतं. ते पान आधी वाचा, मग इतरांचे सल्ले ऐका.

वेगातल्या फरकाची धास्ती मात्र सोडून द्या. ३२० मीटर वेगाची गोळी २५ मीटरवर पोहोचेपर्यंत सुमारे ३० मिलिमीटर खाली येते आणि ३१० ची सुमारे ३२. फरक २ मिलिमीटरचा. ५० मीटर रायफलवाल्यांना याची काळजी करावी लागते, आपल्याला नाही.

चाचणी अशी करा. तीन-चार प्रकारच्या स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतुसांचा एकेक डबा घ्या. नव्या प्रकारचे पहिले १०-१५ राउंड मोजणीत धरू नका, कारण नळीत आधीच्या काडतुसाच्या गोळीवरचं वंगणाचं मेण असतं. मग हात वाळूच्या पिशवीवर टेकवून १०-१० शॉटचे तीन ग्रुप (टार्गेटवरच्या छिद्रांचे पुंजके) घ्या. पाच शॉटचा एखादा सुंदर ग्रुप फोटोपुरता ठीक, त्यावरून काडतूस निवडू नका. जे ग्रुपमध्ये पास होईल त्याचे २०० राउंड हातात धरून, नेहमीच्या पकडीने मारा. एकदाही अडकलं नाही तरी लगेच निर्धास्त होऊ नका. २०० पैकी शून्य बिघाड याचा अर्थ खरं प्रमाण दीड टक्क्यापर्यंत असू शकतं आणि ६० शॉटच्या मॅचमध्ये दीड टक्का म्हणजे जवळपास एक बिघाड. ५०० राउंड निर्विघ्न गेले की ही मर्यादा ०.६ टक्क्यावर येते. सरावातला प्रत्येक बिघाड मॅगझिनच्या नंबरासह वहीत टिपा. मॅगझिनवर मार्करने १, २, ३ घाला. चारपैकी तीन बिघाड दोन नंबरवर दिसले, तर काडतुसाला दोष देऊन उपयोग नाही. त्या मॅगझिनचे ओठ, म्हणजे काडतूस धरणाऱ्या वरच्या कडा, वाकलेले असतील.

अडकलं की झटकन स्लाइड ओढण्याआधी क्षणभर बघा, कारण पुरावा तिथेच असतो. रिकामी केस स्लाइडमध्ये धुरांड्यासारखी उभी अडकली असेल तर स्लाइड पुरेशा वेगाने मागे गेलेली नाही. काडतूस मंद असेल, थंडीत तेल आणि मेण घट्ट झालं असेल, किंवा मनगट सैल पडलं असेल. सैल मनगटाने पिस्तूलच मागे येतं आणि स्लाइडच्या वाट्याची ताकद हात खातो. केस चेंबरमध्येच (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या भागात) राहिली तर एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे केस ओढून काढणाऱ्या आकड्याच्या, नखाखाली काजळी साचलेली असते. लाकडी टूथपिकने ती निघते. वरच्या काडतुसाची रिम खालच्या रिमच्या मागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात. भरताना मॅगझिनची कळ पूर्ण खाली ओढून काडतुसं टाकू नका, एकेक खाली सरकवा आणि वरची रिम पुढे आहे ना, ते पाहा.

काडतूस फुटलंच नाही, तर पिस्तूल टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबा. ते उशिरा फुटू शकतं. मग मॅगझिन काढा, काडतूस बाहेर घ्या आणि रिमवरची खूण बघा. खूण खोल असेल तर त्या जागी मसाला नसावा. उथळ असेल तर एक तर चेंबरच्या तोंडाशी मेण-शिशाचं कडं साचून काडतूस पूर्ण आत बसलेलं नसतं, किंवा कोणीतरी ट्रिगर हलका करायच्या नादात हॅमरची स्प्रिंग कमी केलेली असते. नियमाने ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा लागतोच, मग हा खटाटोप कशाला! शॉटचा आवाज नुसता ‘फुस्स’ झाला तर तिथेच थांबा. पिस्तूल रिकामं करून नळीत गोळी अडकलेली नाही ना, हे पाहिल्याशिवाय पुढचा शॉट मारू नका.

मॅचमध्ये मात्र यातलं काही स्वतः करायचं नाही. पिस्तूल टार्गेटच्या दिशेने, पकड न सोडता धरा, मोकळा हात वर करा आणि रेंज ऑफिसर येईपर्यंत स्लाइडला हात लावू नका. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत काडतूस न फुटणं किंवा केस न निघणं हा मान्य बिघाड असतो. पण तुम्ही स्लाइड उघडलीत, सेफ्टी काढायला विसरलात किंवा मॅगझिनमध्ये पाचऐवजी चारच भरलीत, तर तो अमान्य ठरतो.

सफाईत नळी जास्त घासू नका. चेंबर, बोल्टचं तोंड, एक्स्ट्रॅक्टर आणि फीड रॅम्प (काडतूस चेंबरकडे चढतं तो उतार) एवढं प्रत्येक सरावानंतर पुसा. तेल थेंबभर, तेही स्लाइड सरकते त्या रेल्सवर. चेंबर कोरडा हवा. रिकाम्या चेंबरवर ट्रिगर दाबून सराव करायचा तर पिस्तुलात ड्राय फायरची सोय असल्याशिवाय नको, नाहीतर पिन चेंबरच्या कडेवर आपटून तिथे खाच पडते.

काडतूस ठरलं की डब्यावरचा लॉट (एकाच वेळी बनलेल्या मालाचा) नंबर बघा आणि त्याच लॉटची ५००० काडतुसं एकत्र घ्या. नाव तेच, लॉट वेगळा, म्हणजे चाचणी पुन्हा करावी लागते. साठा सावलीत, कोरड्या जागी ठेवा. उन्हात तापलेल्या गाडीत मेण वितळून बोटांना लागतं आणि धूळ धरतं. सराव संपल्यावर खाण्यापिण्याआधी हात साबणाने धुवा. शिसं आणि रिमच्या मसाल्याची राख हाताला लागलेली असते.